19वी लाइट ड्रॅगून्स : वेगाची ताकद आणि वेगाची मर्यादा

नेपोलियनच्या काळातलं ब्रिटिश घोडदळ म्हटलं की आपल्याला वॉटर्लू आठवतं. पण त्याच काळातली एक ब्रिटिश घोडदळाची रेजिमेंट आपल्या जालना जिल्ह्यात लढली आहे, हे किती जणांना माहीत आहे? तिचं नाव 19वी लाइट ड्रॅगून्स. तिच्या इतिहासातले तीन दिवस मी या लेखासाठी निवडले आहेत. प्रश्न एकच आहे : नुसत्या वेगाने काय साधतं आणि काय साधत नाही?

हलके घोडदळ म्हणजे काय?

जड घोडदळाकडे मोठे घोडे आणि धडाकट स्वार असत. त्यांचं काम समोरून धडक देण्याचं. हलक्या घोडदळाचं काम वेगळं : टेहळणी करणे, चौक्या सांभाळणे, निरोप पोचवणे आणि पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करणे. 1796 साली या स्वारांसाठी नवी वाकडी तलवार ठरवली गेली. तिचं पातं साधारण 33 इंच लांब होतं आणि ती भोसकण्यापेक्षा वार करण्यासाठी होती.

फिजिक्समध्ये आपण शिकतो की वेग दुप्पट केला तर गतिज ऊर्जा चौपट होते. त्यामुळे वाटतं की भरधाव घोड्यापुढे कोण टिकणार? पण घोडा हा काही तोफेचा गोळा नाही. समोर संगिनींची भिंत दिसली की तो सहसा थांबतो किंवा वळतो. म्हणून ओळ मोडलेलं पायदळ कापलं जाई आणि चौकोन करून घट्ट उभं राहिलेलं पायदळ वाचत असे. शिवाय हल्ल्यानंतर घोडे दमतात, स्वार चारी दिशांना पांगतात. त्यांना पुन्हा गोळा करणं हे हल्ल्याइतकंच अवघड काम.

ही रेजिमेंट 1781 मध्ये खास हिंदुस्थानसाठी उभारली गेली. तेव्हा तिचा नंबर 23 होता. 1782 मध्ये ती मद्रासला उतरली. ब्रिटिश राजाच्या सैन्यातली हिंदुस्थानात आलेली ही पहिली घोडदळ रेजिमेंट. 1786 मध्ये तिला 19 नंबर मिळाला.

पहिला दिवस : 10 सप्टेंबर 1800

श्रीरंगपट्टण 1799 मध्ये पडल्यावर टिपूच्या कैदेतून सुटलेल्या धोंडिया वाघाने मोठी फौज जमवली. आर्थर वेलस्ली दोन महिन्यांहून जास्त काळ त्याच्या मागावर होता. शेवटी आजच्या कर्नाटकातल्या कोणगल इथे गाठ पडली. वेलस्लीचं पायदळ मागे होतं, हाताशी फक्त चार घोडदळ रेजिमेंट्स. त्यात 19वी होती. पायदळाची वाट न बघता त्याने चारही रेजिमेंट्स एकाच ओळीत लावल्या आणि स्वतः पुढे राहून हल्ला केला. धोंडिया मारला गेला. समोर कवायती पायदळ आणि तोफांची रांग नव्हती, त्यामुळे इथे वेग पुरेसा ठरला.

दुसरा दिवस : 23 सप्टेंबर 1803, असई

भोकरदनजवळ केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात ही लढाई झाली. समोर दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजा होत्या. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि त्यांच्या तोफा ही खरी ताकद होती. वेलस्लीच्या घोडदळाचा प्रमुख होता कर्नल मॅक्सवेल. त्याच्याकडे 19वी, आणि मद्रासच्या 4थ्या, 5व्या व 7व्या देशी रेजिमेंट्स. म्हणजे चारपैकी तीन रेजिमेंट्समधले स्वार आपलेच हिंदुस्थानी लोक होते!

लढाईत ब्रिटिशांची 74वी पलटण चुकून असई गावाच्या फार जवळ गेली आणि तोफांच्या माऱ्यात सापडली. उरलेले शिपाई चौकोन करून कसेबसे तग धरून होते. तेवढ्यात 19वी आणि 4थी देशी रेजिमेंट धावून आली. 74वीचे उरलेले लोक वाचले आणि मराठी सैनिक जुईपलीकडे रेटले गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही. मराठ्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांपाशी पडून राहिले होते. ब्रिटिश ओळ पुढे गेल्यावर ते उठले आणि त्यांनी पाठीमागून मारा सुरू केला. पुढे मॅक्सवेलने शाबूत असलेल्या पायदळावर पुन्हा घोडे घातले. या वेळी छऱ्यांचा मारा झाला, मॅक्सवेल पडला आणि हल्ला भरकटला. तेच स्वार, तीच दुपार, पण निकाल उलटा. लढाई ब्रिटिशांनी जिंकली खरी, पण त्यांचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. रेजिमेंटला ‘असई’ हे नाव आणि हत्तीचं चिन्ह मिळालं. त्या गोलंदाजांची नावं मात्र आपल्याला माहीत नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरा दिवस : 10 जुलै 1806, वेल्लोर

दाढी आणि कपाळावरच्या गंधावर बंदी, शिवाय नव्या पद्धतीची पगडी, या हुकुमांमुळे वेल्लोरच्या किल्ल्यातल्या देशी शिपायांनी पहाटे उठाव केला. झोपेत असलेल्या ब्रिटिश पलटणीतले शंभराहून जास्त लोक मारले गेले. सुमारे 25 किलोमीटरवरच्या अर्काटहून कर्नल गिलेस्पी 19वीला घेऊन निघाला. बरोबर देशी घोडदळही होतं. घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफांनी दरवाजा फोडला आणि त्याच दिवशी उठाव मोडला. मग सुमारे शंभर शिपायांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या गेल्या.

असईत याच वेगाने माणसं वाचवली होती. इथे त्याने आधी वाचवली, नंतर मारली. आणि मूळ दुखणं कुठे होतं? मद्रासच्या ऑफिसमधल्या एका कागदावर! तो हुकूम मागे घ्यावा लागला आणि 1807 मध्ये गव्हर्नर बेंटिंकलाही परत बोलावलं गेलं. घोडदळ कितीही पळालं तरी ते काम त्याला जमणारं नव्हतं.

पुढे 1813 मध्ये ही रेजिमेंट अमेरिकेविरुद्धच्या युद्धासाठी कॅनडात गेली आणि 1821 मध्ये ती मोडली गेली.

आपण इंजिनिअरिंगवाले लोक कुठलंही मशीन बघितलं की आधी स्पीड विचारतो. या रेजिमेंटचा अभ्यास करताना मला वाटलं की आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत : समोर काय उभं आहे, आणि हे चालवण्याची वेळ मुळात का आली? कोणगलला पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. असईत ते एकाच दुपारी बदललं. वेल्लोरला दुसरा प्रश्न वेळेवर कुणी विचारलाच नाही.