रस्त्यावर पडलेला आपला शेजारी



मराठीत शेजारी म्हणजे ज्याचे दार आपल्या दाराला लागून आहे तो. नाताळात त्याच्याकडे फराळाचे ताट जाते, त्याच्या घरी मयत झाली की आपण धावतो. परंतु लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एका शास्त्र्याने ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारले, तेव्हा प्रभू येशूने त्याला घर दाखवले नाही, रस्ता दाखवला. आणि गोष्ट संपल्यावर प्रश्नच उलटा केला : त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला?

तो रस्ता यरुशलेमेहून यरीहोस उतरणारा होता. सुमारे २७ किलोमीटरचा, ओसाड डोंगरांतला, जवळजवळ एक हजार मीटर खाली जाणारा. याजकाने त्या माणसाला का टाळले असेल? मृतदेहाला शिवल्यास विटाळ होतो असा त्यांचा नियम होता, हे कारण बहुतेक वेळा दिले जाते. पण लूक सांगतो की याजक ‘खाली’ जात होता, म्हणजे यरुशलेमेहून परतत होता. मंदिरातील सेवेची अडचण त्याला तशी उरली नव्हती. मग उरते ती साधी माणसाची भीती. लुटारू जवळपास असतील तर? आपल्यावरच किटाळ आले तर?

ही भीती आम्हांला चांगली परिचयाची आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे धर्मगुरू रिट्रीट आटोपून रात्री मुंबई-अहमदाबाद महामार्गाने परत येत होतो. दुभाजकाला लागून एक मोटरसायकल आडवी पडली होती, बाजूला एक माणूस पडला होता, चारपाच जण नुसते उभे होते. गाडीचा वेग कमी झाला. कोणीतरी म्हणाले, “पोलीस केस होईल, सकाळी साडेसहाची मिस्सा आहे.” दुसरे कोणी म्हणाले, “माणसे आहेत ना तिथे.” गाडी पुढे गेली. आम्ही त्याच्यासाठी रोझरीचा एक दशक म्हटला. त्या माणसाचे पुढे काय झाले हे आम्हांला आजही ठाऊक नाही. सामान्य काळातील पंधराव्या रविवारी, दर तीन वर्षांनी, हा दाखला वाचला जातो. त्यानंतर तो वाचताना याजकाविषयी बोलणे आम्हांला जड गेले आहे.

मिस्सेच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो. ही गोष्ट त्या दुसऱ्या यादीतली.

आता पोलीस केसच्या भीतीबद्दल. ती एके काळी अगदीच निराधार नव्हती. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली, परमानंद कटारा खटल्यात, सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने जखमीवर आधी उपचार करावेत, पोलिसांच्या सोपस्कारांसाठी थांबू नये, असे सांगितले. २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना त्याच न्यायालयाने बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. अपघातग्रस्ताला सद्हेतूने तातडीची मदत करताना काही कमीजास्त झाले तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांनुसार पोलीस त्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करू शकत नाहीत. आपण होऊन साक्षीदार झालात तरच जबाब. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात या माणसाला शोमरोनीचेच नाव दिले आहे. जी गोष्ट आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली, तिचे नाव देशाच्या कायद्यात आहे आणि आपण मात्र काच वर करून पुढे जातो! सरकारने अशा मदतीसाठी बक्षीसही ठेवले आहे, २०२१ साली ५,००० रुपये होते, २०२५ साली २५,००० झाले. चांगलेच आहे. पण शोमरोन्याने दोन दिनार घेतले नव्हते, दिले होते. तेव्हाची दोन दिवसांची मजुरी.

त्याने काय केले ते क्रमाने पाहा. जवळ गेला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. म्हणजे जे हाताशी होते तेच वापरले. आपल्या हाताशी मोबाईल आहे. ११२ किंवा १०८ लावावा आणि ठिकाण नीट सांगावे : कोणता पूल, कोणता पेट्रोल पंप, कोणत्या दिशेची मार्गिका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे. मान वा पाठ दुखावली असेल तर हलवू नये, हेल्मेट ओढून काढू नये. आणि पाणी पाजू नये. आपल्याकडे पाणी पाजणे हाच पहिला दयाधर्म समजतात, पण बेशुद्धीत ते श्वासनलिकेत जाते, शिवाय शस्त्रक्रिया लागली तर अडचण होते. मागून येणाऱ्या गाड्यांना सावध करायला एकाने उभे राहावे, तेही स्वतःला जपून. तेवढे केले तरी पुष्कळ झाले.

दाखल्यातील जो भाग आपण घाईने वाचतो तो उतारशाळेचा. शोमरोनी रात्रभर तिथे राहिला, सकाळी पैसे दिले, आणि परत येईन तेव्हा उरलेले देईन असे सांगून गेला. मदतीचा दुसरा दिवस हा कंटाळवाणा असतो. जखमीच्या घरच्यांना कळवणे, रुग्णालयात डबा पोहोचवणे, रक्त देणे, तीन महिन्यांनी घरी जाऊन चौकशी करणे. त्यात गर्दी नसते, कोणी फोटो काढत नाही. अपघातात पाय मोडलेल्या रिक्षावाल्याच्या घरात पहिल्या आठवड्यात पंचवीस माणसे येतात. चौथ्या महिन्यात, हप्ता थकलेला असतो तेव्हा, कोण येते?

आपल्या झोनच्या पुढील सभेत प्रत्येकाने एवढे विचारावे : आपल्या गल्लीत रात्री दोन वाजता कोणाची गाडी मिळू शकते, कोणाचा रक्तगट कोणता, एकटे राहणारे वृद्ध कोण, त्यांच्या घराची दुसरी चावी कोणाकडे असते? घरे आपली असोत वा इतर धर्मीयांची. शोमरोनी आणि यहुदी यांचेही जमत नव्हतेच. सॅक्रिस्टीत एक वही ठेवली आहे. ज्यांची गाडी रात्री हाक मारल्यास येईल त्यांनी आपले नाव व फोन क्रमांक त्यात लिहावा. पहिल्या ओळीवर आम्ही धर्मगुरूनिवासाच्या गाडीचे नाव लिहिले आहे.