घटक ६ : पारिभाषिक शब्द आणि अर्थनिश्चिती – बंद कोळसा खाणीचे उदाहरण

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
१. पारिभाषिक शब्दाचा अर्थ संदर्भावरून निश्चित करता येईल.
२. क्रियापदाच्या निवडीमुळे कर्ता कसा प्रकट होतो किंवा झाकला जातो, हे सांगता येईल.
३. जवळच्या अर्थाच्या मराठी पर्यायांतून योग्य शब्द निवडता येईल.

६.२ प्रास्ताविक

पारिभाषिक शब्दाला प्रतिशब्द दिला की अनुवादकाचे काम संपले, असा समज आढळतो. परंतु कायद्याच्या व्यवहारात शब्द कर्तव्य ठरवतो, मुदत ठरवतो आणि पैसा कोणी द्यायचा हेही ठरवतो. या घटकात आपण अमेरिकेतील एका बंद खाणीच्या आधारे तीन शब्दांचा विचार करू : ‘बंद’, ‘रेक्लमेशन’ आणि ‘बाँड’.

६.३ ‘बंद’ : कर्ता कोठे आहे?

अॅरिझोना राज्यातील ब्लॅक मेसा पठारावर, नवाहो आणि होपी या मूलनिवासी समाजांच्या भूमीवर, पीबॉडी कंपनीच्या दोन खाणी होत्या. ब्लॅक मेसा खाणीचा कोळसा भुकटी करून पाण्यात मिसळला जाई आणि २७३ मैलांच्या नळमार्गाने नेवाडातील मोहावी वीजकेंद्राकडे जाई. त्यासाठी भूगर्भातील पाणी उपसले जात असे. ही खाण २००५च्या अखेरीस थांबली. दुसरी, कायेंटा खाण, तिचे एकमेव ग्राहक असलेले नवाहो वीजकेंद्र बंद होणार म्हणून २०१९ मध्ये थांबली.

आता पुढील वाक्ये पाहा : ‘खाण बंद पडली’, ‘खाण बंद झाली’, ‘कंपनीने खाण बंद केली’. पहिल्या वाक्यात घटना जणू आपोआप घडते. दुसऱ्यात केवळ स्थितीतील बदल कळतो. तिसऱ्यातच कर्ता दिसतो, आणि कर्ता दिसला की ‘पुढे काय?’ हा प्रश्न त्याला विचारता येतो. उत्खनन थांबणे आणि खाणीचे दायित्व संपणे या दोन वेगळ्या घटना आहेत. ‘बंद’ हा एकच शब्द दोन्ही झाकतो.

६.४ ‘रेक्लमेशन’ : कशापासून काय परत मिळवायचे?

मुंबईच्या वाचकाला ‘रेक्लमेशन’ म्हटले की समुद्रात भराव घालून मिळवलेली जमीन आठवते. खाणीच्या संदर्भात तो अर्थ उलटा पडतो. तेथे नवी जमीन निर्माण करायची नसते, तर मोडलेली जमीन पूर्ववत करायची असते. म्हणून ‘भरावभूमी’ नव्हे, तर ‘भूमिपुनर्स्थापन’ हा पर्याय येथे योग्य ठरतो.

३ ऑगस्ट १९७७ रोजी अमलात आलेल्या अमेरिकी कायद्याने खाणचालकावर हे कर्तव्य टाकले. खड्डे बुजवून भूमीला जवळजवळ मूळचा उतार द्यावा, वरची माती पसरावी, झाडोरा रुजवावा, पाण्याची हानी कमीत कमी ठेवावी, अशा त्याच्या अपेक्षा आहेत. वार्षिक पाऊस २६ इंच किंवा त्याहून कमी असलेल्या प्रदेशात शेवटच्या पेरणीनंतर १० वर्षे जबाबदारी टिकते. अन्यत्र ५ वर्षे. ब्लॅक मेसा कोरड्या प्रदेशात मोडते. म्हणून तेथे गवत उगवलेले दिसणे म्हणजे पुनर्स्थापन पूर्ण होणे नव्हे. शिवाय उतार डोळ्यांनी पारखता येतो, भूजल येत नाही. विहिरी आणि झरे यांवर जगणाऱ्या रहिवाशांचा प्रश्न नेमका त्या न दिसणाऱ्या भागाविषयी असतो.

६.५ ‘बाँड’ : हमी, जामीन की जातमुचलका?

हा कायदा परवान्यापूर्वीच ‘बाँड’ मागतो. कंपनीने काम अर्धवट सोडले, तर शासनाला ते दुसऱ्याकडून पूर्ण करून घेता यावे, एवढी रक्कम त्यात अपेक्षित असते. खड्डे बुजवून उतार व निचरा नीट केल्यावर ६० टक्क्यांपर्यंत रक्कम मोकळी होऊ शकते. उरलेली झाडोरा आणि मुदत यांच्याशी बांधलेली असते.

मराठीत यासाठी ‘बंधपत्र’ रूढ आहे, परंतु त्यातून हमी कोणाची हे कळत नाही. ‘जामीन’ शब्दात दुसरी व्यक्ती गृहीत असते. ‘जातमुचलका’ म्हणजे स्वतःच स्वतःविषयी दिलेली लेखी हमी. अमेरिकेत आर्थिक स्थिती भक्कम असलेल्या कंपन्यांना अशी स्वहमी देता येत असे. २०१५-१६ मध्ये अल्फा, आर्च आणि पीबॉडी या मोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरीचे अर्ज केले, तेव्हा या हमीचा पाया उघडा पडला : जो बुडाला, तोच जामीन होता. पुढे पीबॉडीने स्वहमीऐवजी त्रयस्थांची हमी स्वीकारली. मराठी शब्दांतील भेद अनुवादकाने जपला असता, तर हा धोका वाचकाला शब्दातच जाणवला असता.

भारतात २००९ पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाणचालकाने दरवर्षी ठरावीक रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावयाची असते. विदर्भातील कोळसा खाणींनाही हे लागू आहे. ही ‘ठेव’ आहे, ‘हमी’ नव्हे. अनुवादात हे दोन शब्द परस्परांऐवजी वापरू नयेत.

६.६ सारांश

पारिभाषिक शब्दाची निवड करताना कर्ता, मुदत आणि जबाबदारी हे तीन प्रश्न विचारावेत. ते अनुत्तरित राहिले, तर शब्द शुद्ध असूनही अर्थ अपुरा राहतो, आणि त्याची किंमत त्या जमिनीवर राहणाऱ्यांना मोजावी लागते.

६.७ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘बंद पडणे’, ‘बंद होणे’ व ‘बंद करणे’ यांतील अर्थभेद स्वतःच्या उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ‘जामीन’ व ‘जातमुचलका’ यांतील फरक सांगून स्वहमीतील धोका विशद करा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या शासकीय सूचनेत कर्ता कोठे झाकला आहे, ते शोधून वाक्य पुन्हा लिहा.