वकिली करता करता प्राध्यापक होता येईल?

प्रश्न : एलएलबीनंतर सांगलीत दिवाणी वकिली करते. विद्यापीठात कायदा शिकवायचा आहे. सनद सोडावी लागेल का?

उत्तर : लगेच नाही. 1979च्या नियमांनुसार वकिली करतानाही दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतल्यावर मात्र सनद स्थगित करावी लागते.

आधी एलएलएम करा. सहायक प्राध्यापकपदासाठी त्यात किमान 55 टक्के लागतात. आरक्षित प्रवर्गांना 5 टक्के सवलत आहे. सोबत नेट किंवा सेट हवी. नेट देशभर चालते, तर पुणे विद्यापीठ घेते ती सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. जुलै 2023 पासून या पदाला पीएच.डी. सक्तीची नाही, तरी पुढच्या बढतीसाठी ती लागेलच, म्हणून विषय आतापासून हेरून ठेवा.

खरी अडचण जागांची आहे. अनेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते. मानधन तुटपुंजे, सुटीत तेही बंद. तेवढ्यावर घर चालत नाही, त्यामुळे कायम नेमणूक मिळेपर्यंत वकिली सोडू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

तुमचा कोर्टातला अनुभव वर्गात फार मोलाचा आहे. हिंदू वारसा कायद्याचे कलम 6 मुलांना पाठ असते, पण वाटपाचा दावा कसा मांडतात, सातबारा कुठे जोडतात, बहिणींना पक्षकार केले नाही तर काय होते, हे अनेकांनी पाहिलेले नसते. पक्षकारांची नावे झाकून अशा एखाद्या दाव्याची प्रत पहिल्याच तासाला मुलांच्या हातात द्या.