मन लागो न लागो

नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला प्रार्थना वेगळी शिकवावी लागत नाही. जेवणाआधी, प्रवासाआधी, परीक्षेच्या सकाळी ती असतेच. जड जाते ती काहीच घडलेलं नसतं अशा दिवशीची. घर चालवताना आणि संडे स्कूलला शिकवताना तिच्याबद्दल जे कळलं ते लिहिते आहे. ज्यांची घडी बसली आहे त्यांनी खुशाल पान उलटावं.

१. घड्याळाला नाही, कामाला जोडा.

पहाटे चारला उठून भक्ती करणाऱ्यांना माझा नमस्कार. पण रात्रपाळी संपवून सकाळी घरी येणाऱ्या नर्सनं काय करायचं? दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. आरंभीच्या मंडळीचं ‘दिदाखे’ नावाचं छोटं नियमपुस्तक आहे, त्यातही प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. पहाटेची सक्ती दोन्हीकडे नाही. आमच्याकडे प्रार्थना डब्यांना जोडलेली आहे. डबे भरून माणसं बाहेर पडली, की ओट्याशेजारच्या खुर्चीवर बसायचं. भांडी पडलेली असतात, पडू द्यावीत. डबा रोज भरावाच लागतो, त्यामुळे विसरायची सोय नाही. रविवारी डबा नसतो, पण रविवारी चर्च असतं.

२. पाठ केलेल्या शब्दांची लाज नको.

आपल्या मंडळ्यांत एक समजूत पक्की आहे: जी आपसूक सुचते ती खरी प्रार्थना, पाठ केलेली ती पोपटपंची. मला हे पटत नाही. शिष्यांनी ‘प्रार्थना करायला शिकवा’ म्हटल्यावर प्रभूनं त्यांच्या हाती शब्दच दिले. आणि वधस्तंभावर त्याच्या स्वतःच्या तोंडी आले ते २२ व्या स्तोत्राचे, लहानपणापासून कानावर पडलेले. सासूबाईंची स्मृती शेवटी शेवटी पार गेली होती. समोर कोण बसलंय ते कळायचं नाही, पण प्रभूची प्रार्थना सुरू केली की ओठ हलायचे आणि ‘आमेन’ आमच्या आधी यायचं. आपसूक सुचणारी प्रार्थना तोवर कधीच आटली होती. माझ्या वर्गातली मुलं पाठांतराला कुरकुर करतात, तेव्हा मी कुरकुर ऐकून घेते आणि पाठ करून घेते.

३. स्तोत्रं निवडू नका, ओळीनं वाचा.

आपल्या घरांच्या भिंतींवर २३, ९१ आणि १२१ फ्रेम करून लावलेली असतात. उरलेली १४७ पुस्तकातच राहतात. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात सगळी १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. साधा हिशोब केला तरी दिवसाला पाच पडतात. ते जड वाटलं तर दिवसाला एक घ्या, पाच महिन्यांत होतात. ११९ व्याची १७६ वचनं आहेत, ते मात्र एका बैठकीत उरकायला जाऊ नका.

ओळीनं वाचलं की नावडतीही वाट्याला येतात. शत्रूला शाप देणारी येतात, तक्रारीची येतात. ८८ वं तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं, कुठे ‘तरीही’ नाही. ओळखीतल्या एका बाईंचे यजमान गेले, तेव्हा भेटायला येणारा जो तो २३ वं वाचून जाई. एका दुपारी त्यांनी विचारलं, ‘दुसरं काही नाही का गं?’ मी ८८ वं वाचलं. त्या म्हणाल्या, ‘असं बोललेलं चालतं होय देवाला?’ आणि पुन्हा वाचायला लावलं.

४. मध्यस्थीच्या वहीत फक्त नाव लिहा.

वही हवीच. ‘सर्वांचं भलं कर’ म्हटलं की कुणाचंच तोंड डोळ्यांपुढे येत नाही. पण कारणं लिहू नका. आपल्याकडे ‘प्रार्थना-विनंती’च्या नावाखाली कुणाच्या मुलीचं मोडलं, कुणाचा मुलगा पितो, हे कॉटेज मीटिंगच्या चहापर्यंत गल्लीभर झालेलं असतं. नाव पुरे. बाकीचं ज्याला सांगायचं त्याला आधीच ठाऊक आहे. वहीत एक नाव न आवडणाऱ्या माणसाचंही असू द्या. माझ्या वहीत आहे, आणि तिथे पेन अजून अडखळतं.

५. मोठ्यानं म्हणा.

मनातल्या मनात सुरू केलेली प्रार्थना तिसऱ्या वाक्याला भाजीबाजारात पोचते.

६. घरातल्यांना ओढू नका.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधली वर्षं कशी गेली ते ‘स्मृतिचित्रे’त त्यांनीच लिहून ठेवलं आहे, मुद्दाम वाचा. ज्यांची पदं आपण चर्चमध्ये गातो, त्यांच्या घरातही दुसऱ्या माणसाला स्वतःचा वेळ लागला. कॉलेजातल्या मुलाला कुटुंबप्रार्थनेला जबरदस्तीनं बसवलं तर तो बसतो, पण मोबाईल मांडीखाली असतो. त्यापेक्षा दार उघडं ठेवून आपण म्हणत राहावं. आमचा मुलगा आत येत नाही. पण मी एखादं पद चुकीच्या चालीत सुरू केलं की बाहेरून बरोबर चाल लावून देतो.

७. खाडे भरून काढू नका.

चुकलेल्या दिवसाची स्तोत्रं आजच्या दिवसावर चढवली की ती थकबाकी होते, आणि थकबाकीदार माणूस तोंड चुकवतो. आजची तारीख पाहायची, आजचं वाचायचं.

८. सुरुवात लेंटमध्ये नको.

राखेच्या बुधवारी किंवा १ जानेवारीला सगळेच संकल्प करतात. उत्साह असतो, सोबत असते, पाळक आठवण करून देतात. ईस्टर झाला की तिन्ही जातात. म्हणून मला विचाराल तर ईस्टरनंतरच्या एखाद्या मंगळवारी सुरू करा, शाळांच्या परीक्षा आणि पाहुणे दोन्ही चालू असताना. त्या दिवशी जेवढं जमेल तेवढंच रोजचं माप धरा. माझ्याकडे ते एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना आणि वहीतलं एक पान एवढं निघालं.