कॉम्प नाही मिळालं, तर?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की माझा फोन तापतो. प्रश्न तोच. "कॉम्प, म्हणजे कॉम्प्युटर हुकलं सर, एआय घेऊ की डेटा सायन्स?" विचारतात वडील. ज्याला चार वर्षं काढायची आहेत तो शेजारी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. या शाखांवर लिहिणारे पैशाला पासरी आहेत, त्यामुळे मी लिहीत नाही.

मागच्या हंगामात आलेल्या एका मुलीला बारावीतला इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा धडा मनापासून आवडला होता. वडिलांनी "त्याला स्कोप काय?" म्हणून विषय मिटवला होता.

स्कोप सांगतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा मिळतो. तिथे अ‍ॅनोड म्हणून नुसता टायटॅनियमचा पत्रा लावा. त्यावर लगेच ऑक्साइडचा थर धरतो, वीज अडते, काम ठप्प. म्हणून ग्रॅफाइट वापरायचे, तर ते झिजायचं. 1965 च्या सुमारास हेन्री बीअर यांनी त्याच टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप चढवला. हेही ऑक्साइडच, पण धातूसारखी वीज वाहून नेणारं, वर क्लोरीनही सहज सोडणारं. क्लोरीनच्या धंद्याचं रूपच पालटलं.

इलेक्ट्रोडवरची अशी अभिक्रिया किती दाबाला किती वेगाने चालते, याचं गणित टाफेल यांनी 1905 मध्ये मांडलं. दाब म्हणजे विजेचा, व्होल्टचा. हायड्रोजन प्लॅटिनमवर झटकन सुटतो, शिशावर त्याचा मूळ वेग सुमारे अब्जपटीने कमी. हा आळस फार कामाचा बरं का! तो नसता तर तुमच्या गाडीची शिशाची बॅटरी चार्ज होण्याऐवजी नुसती बुडबुडे सोडत बसली असती.

या विषयात शिरायच्या वाटा दोन. कारैकुडीच्या सेक्री संस्थेत केमिकल आणि इलेक्ट्रोकेमिकल इंजिनिअरिंगचं बी.टेक. आहे. नाहीतर रसायनशास्त्रात बी.एस्सी., मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., पुढे पीएच.डी.; पुण्याच्या एनसीएल प्रयोगशाळेत फ्युएल सेलवर काम चालतं. बी.एस्सी.वर थांबलात तर हाती फारसं काही लागणार नाही, हेही ऐका. आणि टाफेल यांच्या त्या गणितातल्या लॉगरिदमचा कंटाळा असेल तर इकडे फिरकू नका.

ते वडील अजून पॅकेजवरच अडले होते. मुलीने काय विचारलं ते त्यांनी ऐकलंच नाही: "सर, लेप झिजला की खालचा टायटॅनियम पुन्हा वीज अडवतो का?" अडवतो.

यंदा माझ्याकडे यायचं असेल तर मुलांना एकटं आत पाठवा. बाहेर बाकडं आहे, चहा मिळेल.