नर्सरीची फी झेपत नाही

प्रश्न : मानपाड्यात चाळीत राहतो. मी घरकाम करते, नवरा रिक्षा चालवतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. नर्सरी परवडत नाही. काय करू?

उत्तर : ताई, आधी जवळची अंगणवाडी गाठा. तिथे सहा वर्षांपर्यंत शिकवणं नि गरम आहार मोफत. ‘नुसती खिचडी मिळते’ हे ऐकीव. अर्धा तास बसून बघा, सेविका मुलांशी बोलते का, गाणी घेते का. अंगणवाडीच्या कल्पनेची मुळं जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहेत : ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांनी ते कोसबाडला वाढवलं. तिथली खेळणी कसली, तर पानं, बिया, शंख! तुम्हीही भाजी निवडताना तिला शेंगा मोजायला द्या. शिवाय खासगी शाळांत शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. अर्ज सुटले की तहसीलला रांग लागते.