तुमच्या दुकानाचा ‘जोकर’ कोण? सुपरहिरोच्या कट्टर शत्रूकडून धंद्याचा धडा

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे नीट लिहून काढतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी एक छोटं काम देणार आहे.

आधी एक प्रश्न. बॅटमॅनला शत्रू डझनावारी आहेत. मग कोणालाही विचारलं तरी पहिलं नाव जोकरचंच का येतं? जोकरकडे कसलीच दैवी शक्ती नाही. मारामारीत बॅटमॅन त्याला सहज लोळवतो. तरीही सर्वात मोठा शत्रू तोच! म्हणजे शत्रू मोठा ठरतो तो ताकदीवर नाही. मग कशावर? माझ्या मते चार कसोट्या आहेत.

कसोटी १ : तो आपल्या चांगल्या गुणावरच हल्ला करतो

कॉमिक्समधल्या बॅटमॅनचा मोठा नियम म्हणजे कोणाचा जीव घ्यायचा नाही. हा त्याचा चांगुलपणा आहे. जोकर नेमका तोच वापरतो. पकडला जातो, सुटतो, पुन्हा येतो. त्याला कायमचं संपवायचं तर बॅटमॅनला स्वतःचा नियम मोडावा लागेल, आणि नियम मोडला की तो बॅटमॅनच राहणार नाही. बाकीचे शत्रू त्याच्या अंगावर येतात, हा त्याच्या तत्त्वावर येतो.

कसोटी २ : तो वेगळ्याच मैदानात लढतो

सुपरमॅन १९३८ साली आला आणि लेक्स लूथर १९४० साली. सुपरमॅन डोंगर उचलतो, लूथर साधा माणूस. पण डोकं जबरदस्त. १९८६ मध्ये सुपरमॅनची गोष्ट नव्याने लिहिली गेली, तेव्हा लूथर शहरातला बडा, प्रतिष्ठित उद्योगपती झाला. आता सुपरमॅन ठोसा कुणाला मारणार? सगळं शहर लूथरला मान देतंय! जिथे आपली ताकद चालतच नाही, तिथे हा शत्रू आपल्याला ओढतो.

कसोटी ३ : तो घरातला, ओळखीचा असतो

स्पायडरमॅनचा ग्रीन गॉब्लिन १९६४ मध्ये आला. पुढे कळतं की मुखवट्यामागे नायकाच्या जिवलग मित्राचे वडील आहेत. त्यांनाही स्पायडरमॅन कोण ते ठाऊक होतं. १९७३ च्या अंकात नायकाची प्रेयसी ग्वेन याच लढाईत गेली. परका माणूस बाहेरून दगड मारतो, ओळखीच्याला दार कुठलं उघडं आहे ते माहीत असतं.

कसोटी ४ : तो संपत नाही

गंमत ऐका. १९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्याच अंकात जोकर आला आणि त्याच अंकात तो मरणार असं ठरलेलं होतं. संपादकांनी ते थांबवलं आणि शेवटी तो जिवंत असल्याचं दाखवणारं चित्र टाकलं गेलं. त्यामुळे तो आजपर्यंत परत येतोय.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे वेताळ. १९६४ पासून १९९० पर्यंत मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सने तो मराठीतही घरोघरी नेला. आपल्या वडिलांच्या पिढीला विचारा, डोळे चमकतील. पहिल्या वेताळाच्या वडिलांना समुद्री चाच्यांनी मारलं. त्याने मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि ती बापाकडून मुलाकडे चालत आली. आपण वाचतो तो एकविसावा वेताळ. म्हणजे त्याचा खरा शत्रू एखादा चाचा नव्हताच, ती चाचेगिरी होती. एक चाचा मेला तरी धंदा चालूच.

आता दुकानात या

प्रशिक्षणात मी विचारतो, “तुमच्या धंद्याचा सर्वात मोठा शत्रू कोण?” ठरलेली उत्तरं येतात. ऑनलाइन कंपन्या. शेगावची मोठी दुकानं. समोर नवीन उघडलेला तो. मीसुद्धा बरीच वर्षं हेच म्हणायचो. मग एका दिवाळीत नवीन माल भरायला पैसा नव्हता. विक्री तर चांगली झाली होती! रात्री हिशोबाला बसलो आणि शत्रू सापडला. तो माझ्याच गल्ल्याशेजारी, लाल कापडाच्या वहीत बसलेला होता. उधारी!

चारही कसोट्या लावून बघा.

चांगल्या गुणावर हल्ला? हो. आपल्याला “नाही” म्हणता येत नाही, माणुसकी आडवी येते.

वेगळं मैदान? हो. भाव कमी करून, माल चांगला ठेवून उधारी हटत नाही. उलट विक्री वाढली की तीही वाढते.

ओळखीचा? शंभर टक्के. वरवट बकालसारख्या गावात उधार मागणारा कुणाचा तरी काका, मामा, वर्गमित्र असतो. “सोयाबीन निघालं की देतो भाऊ,” आणि तो खोटं बोलत नसतो. पीकच हातचं गेलं तर तो तरी काय करणार?

संपत नाही? वडिलांकडून दुकान आलं तशी वहीही आली. वेताळासारखंच!

हिशोब करा. ५०० रुपयांचा माल उधार गेला आणि बुडाला. नफा १० टक्के धरला तर तुमची खरेदी ४५० ची. ते ४५० भरून काढायला आणखी ४,५०० रुपयांची विक्री करावी लागते. आणि खरा घाव तर पुढेच आहे. उधारी थकलेला माणूस तोंड चुकवतो. हातात रोख आली की तो समोरच्या दुकानात जातो. पैसे गेले आणि गिऱ्हाईकही गेलं.

मग लढायचं कसं?

“आज रोख, उद्या उधार” अशी पाटी लावून मोकळं व्हायचं का? गावात ते जमत नाही, आणि मला पटतही नाही. बॅटमॅन आपलं तत्त्व सोडत नाही, आपणही माणुसकी सोडायची नाही. फक्त तिला कुंपण घालायचं.

१. प्रत्येक घराची मर्यादा आधीच ठरवा. रक्कम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.
२. उधार देतानाच परतीची तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या आणि त्यांच्यासमोर लिहा.
३. तारखेच्या दोन दिवस आधी प्रेमाने आठवण करा. तारीख उलटल्यावर मागणं दोघांनाही जड जातं.
४. थकलेल्याला हप्ता बांधून द्या, शंभर-शंभरचा का होईना. त्याचं दुकानात येणं तुटू देऊ नका.

मी हे सुरू केलं तेव्हा दोन-तीन जण रुसले. एक काका वर्षभर आले नाहीत. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण पुढच्या दिवाळीला माल माझ्या पैशाने भरला.

आजचं काम : तुमच्या धंद्यातल्या पाच अडचणी लिहा. प्रत्येकीला चार कसोट्या लावा. जिला चारही लागू होतील, तो तुमचा जोकर. कुणाचा उधारी असेल, कुणाचा आळस, कुणाचा घरखर्च आणि गल्ला एकच ठेवण्याची सवय. समोरच्या दुकानदाराला मात्र एक-दोनच कसोट्या लागू होतील, लिहून ठेवा!

भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत वही उघडा, आजच.